पत्रिकेतलं इटॅलिक आणि बाबांचा हट्ट

विचारणारी मुलगी ललित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात ताईचं लग्न, पत्रिका तीच करते आहे. तिने लिहिलं आहे: "काका, इंग्रजी भागासाठी कॉर्मोरंट इटॅलिक हा फॉन्ट घेतला, तोही लाइट, म्हणजे सगळ्यात बारीक रेषेचा. पडद्यावर फार देखणा दिसतो. हातकागदावर सोनेरी स्क्रीन छपाई करायची आहे, पण नमुना काढला तर अर्धी अक्षरं तुटलेली. बाबा म्हणतात, इंग्रजी तिरकं आहे तर मराठीही तिरकं कर, जोडी जमेल. करून पाहिलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. आणि सगळी पत्रिकाच इटॅलिकमध्ये केली तर?"

आधी बाबांचं घेऊ. नमुना दुसरा काढता येतो, बाबा एकच असतात.

बाबांचा समज असा की इटॅलिक म्हणजे तिरकं केलेलं अक्षर. हा समज त्यांचा एकट्याचा नाही. नागपुरात महाल भागातल्या आमच्या छापखान्यात चाळीस वर्षांत आलेल्या दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जण हेच समजत आले, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीही. आमच्याकडे पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं, मराठी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, भल्यामोठ्या केसेस (खणांच्या पेट्या) होत्या आणि इंग्रजी इटॅलिकची एकच लहान केस, बारा पॉइंटची. व्हिजिटिंग कार्ड आणि लग्नाच्या इंग्रजी पत्रिका एवढ्यापुरती ती बाहेर निघायची. त्या केसमधला 'एफ' फार नाजूक. त्याचा वरचा वळसा आणि खालची शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबलेली असायची. जुळवताना जरा धक्का लागला की वळसा तुटला. वडील ओरडायचे, "एफ सांभाळ!" सरळ टाइपातला 'एफ' मात्र असा कधी तुटायचा नाही, तो आपल्या चौकटीत गुमान बसायचा. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की ही दोन अक्षरं एकमेकांची तिरकी-सरळ रूपं नाहीत. त्यांचा सांगाडाच वेगळा आहे.

आता तुझ्या संगणकावर कॉर्मोरंट सरळ आणि कॉर्मोरंट इटॅलिक शेजारी शेजारी मोठे करून बघ. सरळ टाइपातला छोटा 'ए' दुमजली आहे, वर छत आणि खाली पोट. इटॅलिकमधला एकमजली, आपण वहीत लिहितो तसा. 'एफ' रेषेच्या खाली उतरतो. 'ई' गोलसर होतो. अक्षरांच्या तळाशी सरळ टाइपात जे सपाट पाय असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, ते इटॅलिकच्या छोट्या अक्षरांत बरेचसे जातात. त्यांच्या जागी लेखणी कागदावर टेकताना आणि उचलताना पडणारा हलका ओघळ येतो. अक्षरं अरुंद होतात, एकमेकांकडे झुकतात. तिरकेपणा हा या सगळ्यातला सर्वात बिनमहत्त्वाचा भाग. कॉर्मोरंटच्या कुटुंबात 'अपराइट' नावाचा एक भाऊ आहे. तो सरळ उभा आहे आणि तरीही इटॅलिक आहे. तो बाबांना दाखव.

हे वळण आलं लिहिण्याच्या वेगातून. पंधराव्या शतकात इटलीतले विद्वान आणि कचेऱ्यांतले कारकून भराभर लिहिण्यासाठी एक धावतं वळण वापरायचे. व्हेनिसचा प्रकाशक आल्दुस मानुत्सियुस याने फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून त्या वळणाचे खिळे कोरून घेतले आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कवितांचं हातात मावेल एवढं पुस्तक सबंध त्याच टाइपात छापलं. गंमत म्हणजे त्यातली कॅपिटल अक्षरं सरळच होती. तिरक्या ओळीच्या सुरुवातीला एक छोटं सरळ कॅपिटल, पहारेकऱ्यासारखं उभं. कॅपिटलं झुकायला पुढची काही दशकं जावी लागली. आल्दुसने या टाइपाचे हक्क व्हेनिसच्या सरकारकडून मिळवले होते, तरी फ्रान्समधल्या ल्यों शहरात त्याच्या नकला धडाक्यात छापल्या गेल्या. वैतागून त्याने १५०३ मध्ये त्या नकलांतल्या चुकांची यादीच छापून काढली. आपल्याकडे सीताबर्डीत एकेकाळी हजार फॉन्टांच्या चोरट्या सीडी पन्नास रुपयांत मिळायच्या, तेव्हा मला हा आल्दुस फार जवळचा वाटायचा. ग्रिफोचं मात्र वाईट वाटतं. अक्षर त्याने कोरलं, हक्क मालकाला मिळाले, आणि दोघांचं बिनसलं.

म्हणजे इटॅलिक ही रोमन लिपीची घाईची लिखावट. आपल्याकडे तिची सख्खी बहीण कोण, तर मोडी. बाळबोध म्हणजे पोथीची, सावकाश लिहायची देवनागरी. मोडी म्हणजे दप्तराची. आधी पानभर आडव्या रेघा मारून ठेवायच्या, मग त्या रेघेला लटकवत, बोरू शक्यतो न उचलता अक्षरांची माळ ओढत जायचं. इथे महालात भोसल्यांचे कारकून हेच करत होते. त्यात काही अक्षरांचं रूप इतकं पालटलं की बाळबोध वाचणाऱ्याला ती ओळखूही येत नाहीत. तरीही ती "तिरकी देवनागरी" नाही, वेगळ्या वेगाचं वेगळं अक्षर आहे. फरक पुढे पडला. युरोपात सोळाव्या शतकात सरळ आणि इटॅलिक यांचं छपाईत लग्न लागलं, एकाच ओळीत दोघं नांदू लागले. आपल्याकडे छपाई बाळबोधीत रुळली, मोडी मुख्यतः हस्तलिखितातच राहिली आणि गेल्या शतकात शाळेतूनही गेली. म्हणून देवनागरी टाइपाला जोडीदारीण मिळालीच नाही. संगणकात जे मराठी "इटॅलिक" मिळतं ते बहुतेक वेळा सरळ अक्षर कान धरून एका बाजूला ओढलेलं असतं.

तुला जे चुकल्यासारखं वाटलं ते इथे आहे. एक छोटा प्रयोग कर. कॉर्मोरंटमधला 'ओ' मोठा करून बघ. सर्वात बारीक जागा घड्याळात साधारण अकरा आणि पाच वाजतात तिथे सापडतील. मग आपल्या परंपरेतला एखादा 'ठ' घे, बोरूच्या वळणाचा. बारीक जागा एक आणि सात वाजता. बोरू उलट्या बाजूने तासलेला असतो, म्हणून आपली जाड-बारीक रेष रोमनच्या आरशातली आहे. रोमन अक्षर उजवीकडे झुकलं तर लेखणीचा ओघ त्याच दिशेने जातो. देवनागरी तशीच ओढली की जाड भाग बारीक वाटू लागतात, गोलाई अंड्यासारखी कलंडते. वर शिरोरेषा मात्र आडवीच, आणि तिच्याखाली सगळे दंड वाऱ्यात वाकलेल्या वेळूसारखे. त्यात 'मूर्ती'सारखा शब्द आला की वरचा रफार आणि वेलांटी उजवीकडे, खालचा उकार डावीकडे, अक्षराची मानच मुरगळते. इंग्रजीत ओळीच्या वर-खाली एवढी ओझी नसतात, म्हणून तिथे ओढाताण खपते. आपल्याकडे ती उघडी पडते.

तिरकी देवनागरी मुळात होऊच शकत नाही, असं म्हणायचं नाही मला. 'कलम' हा फॉन्ट बघ, चांगलाच झुकलेला आहे आणि तरी वाचायला गोड आहे. कारण तो बॉलपेनाने झरझर लिहिल्यासारखा मुळातून काढला आहे, ओढलेला नाही. पण तो निरोपाच्या चिठ्ठीचा माणूस आहे. कॉर्मोरंटच्या शेजारी बसवलास तर पैठणीवर स्लीपर घातल्यासारखं होईल.

बाबांना एवढंच सांग: जोडी जमायला दोघांनी एकाच बाजूला मान वाकवायची गरज नसते. मराठी सरळच ठेव. जोड दुसरीकडे शोध. कॉर्मोरंटचा गुण म्हणजे जाड-बारीक रेषांतलं अंतर, तर मराठी अक्षरही असं हवं ज्यात बोरूची जाड-बारीक दिसते. एकाच जाडीच्या रेषेचे आधुनिक फॉन्ट, मग ते कितीही स्वच्छ असोत, इथे चालणार नाहीत. 'टिरो देवनागरी मराठी' करून बघ. फुकट आहे, जुन्या छापील ग्रंथाची ठेवण आहे आणि मुख्य म्हणजे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा 'श' घालून छापलेली मराठी पत्रिका बघितली की मला अजून पोटात दुखतं. नागपुरात हे फार होतं, अर्धं शहर दोन्ही भाषा बोलतं आणि फॉन्ट बनवणाऱ्याने कुठली गृहीत धरली आहे हे कोणी बघत नाही.

आकार मात्र आकड्यावर जाऊन जुळवू नकोस. कॉर्मोरंटची छोटी अक्षरं फार छोटी आहेत. वरचे दांडे उंच आणि पोटं चिमुकली, त्यातच त्याचा डौल आहे. टाइम्स फॉन्टमध्ये दहा पॉइंटला जे दिसतं त्यासाठी इथे जवळपास बारा लागतात. मराठी आणि कॉर्मोरंट दोन्ही सोळा पॉइंटला ठेवलेस तर मराठी अंगावर येईल. मी कॉर्मोरंट सोळा ठेवून मराठी बारा-तेराच्या आसपास आणतो, मग पान भिंतीला लावून चार पावलं मागे जाऊन बघतो. कोणता भाग आधी ओरडतो ते बघायचं. दोन्ही ओरडत नसतील तर जमलं.

आता ही सुंदरी नेमकी कोण, हेही जाणून घे, म्हणजे तिच्याकडून काय मागायचं ते कळेल. कॉर्मोरंट ख्रिस्तियान थालमान यांनी २०१५ च्या सुमारास केला. प्रेरणा सोळाव्या शतकातल्या पॅरिसच्या क्लोद गारामों याच्या अक्षरांची, पण हेतू मोठ्या आकारात दाखवायचा. शीर्षकं, नावं, पानावर एकटी उभी असलेली ओळ. म्हणून तिच्या बारीक रेषा केसासारख्या आहेत. परिच्छेद वाचायला लावायचा असेल तर त्याच घराण्यातला, गारामोंच्याच नावाचा 'ईबी गॅरामंड' जास्त सोशिक. तो १५९२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये निघालेल्या एका नमुनापत्रावरून घेतला आहे. त्या पत्रावर सरळ टाइप गारामोंचा होता आणि इटॅलिक रोबेर ग्रांजों नावाच्या दुसऱ्याच कारागिराचं. म्हणजे आज जगभर ज्याला "गॅरामंडचं इटॅलिक" म्हणतात, त्याच्या उत्तम नमुन्यांमागे बहुतेकदा ग्रांजोंचा हात असतो. लग्नपत्रिकेसाठी याहून बरी गोष्ट मला ठाऊक नाही: दोन वेगळ्या घरांतली, दोन वेगळ्या हातांची अक्षरं एकाच पानावर सुखाने नांदतात.

ऑफिसच्या पॅकेजबरोबर जो 'गॅरामंड' संगणकात येतो त्याचं इटॅलिक या कामाला घेऊ नकोस. ते गारामोंचं नव्हेच. त्याच्यानंतर साठेक वर्षांनी झां जानों याने कोरलेल्या अक्षरांवरून ते उतरलं आहे, आणि ही चुकीची ओळख बिआट्रिस वॉर्ड या बाईंनी १९२६ मध्ये उघड केली, तीही पुरुषाचं टोपणनाव घेऊन लिहिलेल्या लेखात. त्या इटॅलिकमध्ये अक्षरांचे कल कमीजास्त आहेत. पुस्तकात ते खेळकर वाटतं. नवरा-नवरीच्या नावात मोठं केलं की एक अक्षर बसलंय आणि दुसरं घसरतंय असं दिसतं.

एक तपासणी कायम लक्षात ठेव. इटॅलिकची स्वतंत्र फाइल असते, ती बसवलेली नसेल आणि तू नुसतं तिरकं करायचं बटण दाबलंस तर बरीच सॉफ्टवेअरं सरळ अक्षरच ओढून देतात आणि काही बोलत नाहीत. छोटा 'ए' दुमजलीच राहिला, 'एफ' रेषेखाली उतरला नाही, की समजायचं फसवणूक झाली. दुसऱ्याच्या दुकानात फाइल उघडली की हे हमखास होतं. म्हणून पाठवण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, बदल.

सगळी पत्रिका इटॅलिकमध्ये करू का, या प्रश्नाचं उत्तर नाही. कारण सांगतो. आल्दुसने अख्खं पुस्तक इटॅलिकमध्ये छापलं हे खरं, पण त्याच्या वाचकाला रोज तेच वळण हातानं लिहायची सवय होती. आपला डोळा आज सरळ टाइपावर पोसलेला आहे. इटॅलिक त्याला दुसरा आवाज वाटतो: कुजबुज, आठवण, अवतरण, परक्या भाषेतला शब्द. पूर्ण पान कुजबुजत राहिलं तर कुजबूज उरत नाही, नुसती पुटपुट ऐकू येते.

हा दुसरा आवाज किती कामाचा असू शकतो ते बघायचं तर लग्नपत्रिका सोडून प्रबंधांकडे जा. विद्यापीठाचे प्रबंध टाइप करून देणं हा आमचा वर्षानुवर्षांचा पोटाचा धंदा. संत्र्यावरचा प्रबंध आला की 'सिट्रस रेटिक्युलाटा' हे शास्त्रीय नाव इटॅलिकमध्ये, पण त्याच्यापुढे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाची खूण सरळ. भौतिकशास्त्रात वस्तुमानासाठी येणारा 'एम' इटॅलिक आणि मीटरचा 'एम' सरळ. एकाच पानावर दोन्ही येतात आणि फक्त कल बघून परीक्षकाला कळतं, कोणता राशीचा आणि कोणता मापाचा. हायकोर्टातले वकील निकालांचे हवाले टाइप करून घ्यायचे, त्यात पक्षकारांची नावं इटॅलिकमध्ये. आणि ज्या परिच्छेदात सगळंच इटॅलिक आहे त्यात उठून दिसायचा शब्द सरळ करायचा, आवाज उलटा फिरवायचा. तिथे डौलाचा प्रश्नच नव्हता, अर्थाचा होता. माझ्या हातून एकदा अख्ख्या प्रबंधात वनस्पतींची नावं सरळ राहिली. गाईड सरांनी लाल शाईने प्रत्येक ठिकाणी रेघ मारून परत पाठवलं. कागदाचे पैसे माझ्या खिशातून गेले, पण धडा पक्का बसला.

मराठीत आपण हेच काम काळ्या म्हणजे ठळक टाइपाने, अवतरणचिन्हांनी किंवा टाइप एक पायरी लहान-मोठा करून करत आलो. खिळ्यांच्या काळात तर दुसरा पर्यायच नव्हता आणि वाचकाचं काही अडलं नाही. तुझ्या पत्रिकेतही मराठीचा दुसरा आवाज तसाच काढ. "श्री गजानन प्रसन्न" लहान टाइपात, वर, भरपूर मोकळ्या जागेत. मुला-मुलीची नावं मोठी. "आमचे येथे श्री कृपेकरून" साध्या आकारात. जागा सोडणं हा सगळ्यात स्वस्त अलंकार आहे, पण नागपुरी गिऱ्हाइकाला रिकामा कागद दिसला की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. लगेच म्हणतात, इथे एक गणपती टाका न.

इंग्रजी बाजूला इटॅलिक कुठे वापरायचं? माझं मत विचारशील तर दोन-तीन ठिकाणीच. नावं सरळ टाइपात ठेव, मोठी, शांत. दोन नावांच्या मधलं 'अँड'चं चिन्ह मात्र इटॅलिकमधलं घे आणि नावांपेक्षाही थोडं मोठं कर. चांगल्या इटॅलिकची परीक्षा या एका चिन्हात होते. ते लॅटिनमधल्या 'एत' म्हणजे 'आणि' या शब्दाची दोन अक्षरं गुंफून झालेलं आहे, आणि इटॅलिकमध्ये ती गुंफण अजून उघड दिसते. सरळ टाइपात ती गाठ आवळून गेलेली असते. दोन नावांना जोडायला आणखी वेगळी नक्षी कशाला शोधायची? मग एखादी आमंत्रणाची ओळ इटॅलिकमध्ये, आणि शेवटी "आहेर आणू नये" ही विनंतीही त्यातच, कारण ती कुजबुजून सांगायचीच गोष्ट आहे (आणि कोणी ऐकत नाही ते वेगळं).

स्थळ, तारीख, वेळ, फोन नंबर: सरळ. काकू चष्मा विसरून आल्या तरी त्यांना हॉल सापडला पाहिजे. आकड्यांकडे खास बघ. अशा जुन्या धाटणीच्या फॉन्टांत आकडे बहुधा उंच-सखल असतात, तीन, चार, पाच, सात आणि नऊ रेषेखाली लोंबतात, सहा आणि आठ वर डोकावतात. मजकुरात ते गोड दिसतात, फोन नंबरात दात पडल्यासारखे. ओपनटाइपच्या पर्यायात, म्हणजे फॉन्टमधल्याच जादा सोयींत, एका उंचीचे आकडे असतात, ते चालू कर.

कॅपिटलांच्या बाबतीत एक गोष्ट कडकपणे पाळ. शेपट्या-झालरी असलेली इटॅलिक कॅपिटलं शब्दाच्या सुरुवातीला एकटी शोभतात. सगळा शब्द त्यांत लिहिलास तर तो कोणालाही वाचता येणार नाही, नवऱ्यालाही नाही. काही फॉन्टांतला झालरीचा 'आय' आणि 'जे' जुळ्या भावंडांसारखे असतात. ईशानचं 'जेशान' झालेलं मी बघितलं आहे आणि त्या घरात तो विनोद अजून संपलेला नाही. छोट्या इटॅलिक अक्षरांत अंतर वाढवायच्या फंदात पडू नकोस. ती हातात हात धरून चालणारी अक्षरं आहेत, सोडवलीस की पोरकी होतात. इटॅलिक शब्दानंतर सरळ कंस किंवा अवतरण आलं तर शेवटच्या 'एफ'चं डोकं त्याला धडकतं, तिथे हाताने केसभर जागा सरकव.

आता तुटलेल्या अक्षरांकडे. यात फॉन्टचा दोष नाही, तू नर्तकीला गोणी उचलायला सांगितलीस. लाइट वजनाची केसासारखी रेष, खाली हातकागद म्हणजे खडबडीत पृष्ठभाग, आणि पद्धत स्क्रीनची, ज्यात शाई जाळीच्या भोकांतून खाली उतरते. रेष जाळीच्या धाग्याएवढी बारीक झाली की काही भोकं झाकली जातात, काही उघडी राहतात आणि रेषेचे ठिपके होतात. सोनेरी शाईत धातूची भुकटी असते, ती साध्या शाईपेक्षा जाडीभरडी, तिला अजून मोठी वाट लागते. त्यात आपलं गाव. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो, शाईतलं द्रावण भराभर उडतं आणि छापता छापताच जाळीची बारीक भोकं सुकून बंद होतात. पहिल्या वीस पत्रिका छान, पन्नासावीत 'ई'ची आडवी रेष गायब. मी स्वतः एका साडीच्या दुकानाची पाचशे कार्डं अशी वाया घालवली आहेत. कॉर्मोरंट तेव्हा जन्माला यायचा होता. दुसरंच एक नाजूक इटॅलिक होतं, खडबडीत पांढऱ्या कागदावर सोनेरी. सकाळी छापलेली आणि दुपारी छापलेली कार्डं दोन वेगळ्या फॉन्टांतली वाटत होती. मालकिणीने दोन्ही समोर ठेवली आणि विचारलं, "यातलं माझं कोणतं?"

उपाय सोपा आहे. लाइट सोडून सेमीबोल्ड घे. पडद्यावर तो तुला जाड वाटेल, कागदावर तोच नाजूक दिसेल. अगदी वीस-बावीस पॉइंटांच्या वर असेल तर मीडियम चालून जाईल. लहान ओळी ईबी गॅरामंडच्या इटॅलिकमध्ये कर, कोणाला फरक कळणार नाही आणि अक्षरं टिकतील. लाइटचाच हट्ट असेल तर मग कागद बदल: गुळगुळीत, घट्ट कागद आणि ऑफसेट छपाई, एकाच गडद रंगात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सोडायची असतील तर चार रंगांच्या मिश्रणातून सोडू नकोस. रंग केसभर सरकला की बारीक रेष भरून जाते. फॉइलचं, म्हणजे गरम ब्लॉकने चमकता पापुद्रा दाबून छापण्याचं, गणितही स्क्रीनसारखंच आहे, गरम ब्लॉकचा दाब बारीक फटी भरतो, 'ई'चं पोट बुजतं.

मोबाइलवर फिरवायची पत्रिका वेगळी बनव. छापायची तीच प्रतिमा व्हॉट्सॲपवर टाकतात, ती दाबली जाऊन पोचते आणि तिरक्या बारीक रेषांना आधी पायऱ्या पडतात. तिथे इटॅलिक फक्त त्या 'अँड'च्या चिन्हापुरतं ठेव.

परवान्याची काळजी करू नकोस. कॉर्मोरंट, ईबी गॅरामंड आणि टिरो हे तिन्ही खुल्या परवान्याचे, पैसे घेऊन केलेल्या कामातही चालतात. फक्त ते फॉन्ट नुसते विकायला काढता येत नाहीत. पुढे एखाद्या बुटीकसाठी किंवा मिठाईच्या डब्यासाठी काम आलं तर हेच वापर, पण वर्धा रोडवरच्या दुकानाच्या पाटीवर हे इटॅलिक लावू नकोस. स्कूटरवरून जाणाऱ्याला दोन सेकंद मिळतात, आणि त्यात केसासारखी रेष उन्हात विरघळून जाते.

दुसरा नमुना काढशील तो त्याच कागदाच्या तुकड्यावर, त्याच शाईत काढ. घरच्या प्रिंटरवरचा धरू नकोस. त्यावर मराठी तिरकं आणि मराठी सरळ, दोन्ही छापून बाबांसमोर ठेव, काही न बोलता. आणि स्क्रीनवाल्याला सकाळी सातची वेळ माग, दहाच्या आत काम आटपेल असं. तो कुरकुरेल, त्याला तर्री पोह्याची प्लेट खाऊ घाल.